सूर्यचंद्र असेपर्यंत…

उरणहून करंजाकडे निघालेल्या वाटेवर चाणजे नावाचे गाव लागते. नाव तुमच्या-माझ्या कानावरून क्वचितच गेलेले असते. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ते नाही. येथे मोठा किल्ला नाही आणि सहलीच्या बशी थांबाव्यात असे देऊळही नाही. पण या गावाचा जन्मदाखला मागायला कोणी आलेच, तर चाणजेकरांना ताठ मानेने सांगता येईल की तो आमच्याकडे दगडावर कोरलेला आहे!

आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी, की नवी मुंबईचा इतिहास १९७० मध्ये सिडको स्थापन झाली तेव्हा सुरू झाला. त्यापूर्वी येथे खाडी, खाजण आणि भातशेती यापलीकडे काय होते, असे सहज विचारले जाते. या प्रश्नाला चाणज्याचे दगड उत्तर देतात.

त्यातला पहिला शिलालेख शके १०६० चा, म्हणजे इसवी सन ११३८ चा. तेव्हा उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते आणि 'श्रीस्थानक', म्हणजे आपले ठाणे, ही त्यांची राजधानी. गादीवर होता राजा अपरादित्य. हा साधासुधा मांडलिक नव्हता. काश्मीरच्या मंख कवीने आपल्या काव्यात तेथील पंडितांच्या सभेचे वर्णन केले आहे. त्या सभेला कोकणच्या या राजाने पाठवलेला तेजकंठ नावाचा दूत हजर होता. एवढ्या दूरवर संबंध असलेल्या या राजाने आईच्या पुण्यासाठी जमीन दान दिली, ती कोठे? एक शेत 'नागुम' गावात आणि एक बाग 'चाडिजे' गावात. नागुम म्हणजे आजचे नागाव आणि चाडिजे म्हणजे चाणजे. आठ-नऊ शतके लोटली, पण दोन्ही गावे आपापल्या जागी आणि जवळजवळ आपल्याच नावाने उभी आहेत.

दुसरा लेख शके ११८२ चा, म्हणजे १२६० चा. दान देणारा सोमेश्वर, शिलाहारांचा शेवटचा राजा. उरण भागातील याच चाणजे गावच्या एका बागेचे ठरावीक उत्पन्न, १६२ पारुत्थ द्रम्म, त्याने ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला लावून दिले. द्रम्म हे नाणे. ग्रीकांचा 'द्राख्मा' आपल्याकडे येऊन 'द्रम्म' झाला आणि झिजत झिजत 'दाम' झाला. आज आपण 'दाम दुप्पट' म्हणतो, तेव्हा नकळत त्याच नाण्याची आठवण काढत असतो. शेजारच्या रानवडलाही याच सोमेश्वराचा आदल्या वर्षीचा एक दानलेख सापडला आहे.

हे आकडे कोरडे वाटतील, पण त्यांच्या मागे उभी असलेली माणसे जरा डोळ्यांपुढे आणा. बाग होती म्हणजे ती शिंपणारा कोणी होता. उत्पन्न ठरलेले होते म्हणजे ते मोजणारा कारकून होता, आणि ते खाडी ओलांडून ठाण्याला पोचवायचे म्हणजे नाव होती, नावाडी होता. त्यातल्या कोणाचेच नाव आपल्याला ठाऊक नाही. आगर राखणारे ते आगरी आणि दर्यावर जाणारे ते कोळी, हे या किनाऱ्याचे खरे रहिवासी. राजांची नावे दगडावर राहिली, यांची राहिली ती केवळ वंशजांच्या रूपाने.

अशा दानलेखांचा शेवट मात्र ठरलेला असे. दान सूर्यचंद्र असेपर्यंत चालावे, आणि जो ते मोडील त्याला शाप. अक्षर न येणाऱ्यालाही समजावा म्हणून तो शाप दगडावर चित्रातही कोरीत. त्या चित्रातल्या गाढवामुळे या दगडांना 'गधेगळ' म्हणतात. चित्राचा अर्थ घरात चारचौघांत मोठ्याने सांगण्याजोगा नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे! पण त्याचा हेतू साधा होता : दान दिलेल्या जमिनीवर कोणा बलवंताने हात टाकू नये.

सूर्यचंद्र आहेत, पण राज्य राहिले नाही. सोमेश्वराच्या या दानाला पाचेक वर्षे होतात न होतात तोच देवगिरीचा महादेव यादव कोकणावर चालून आला. लढाई समुद्रात झाली आणि सोमेश्वर बुडाला. यादवांचा मंत्री हेमाद्री लिहितो, की महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याला समुद्रात बुडणे बरे वाटले. जेत्याच्या मंत्र्याने दुसरे काय लिहावे?

त्यानंतर या करंजा बेटावर मालकांची रीघच लागली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, त्यांनी द्रोणागिरीच्या डोंगरावर ठाण मांडले, चर्च बांधले. अठराव्या शतकात मराठ्यांनी ते घेतले. १७७४ मध्ये साष्टीबरोबर इंग्रजांनी बेट बळकावले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते कायमचे त्यांच्या पदरात पडले. प्रत्येक नव्या धन्याने जमीन नव्याने मोजली, सारा नव्याने बसवला. गावाने प्रत्येकाला सारा भरला आणि भात लावले, मीठ पिकवले, जाळी टाकली.

मग आली नवी मुंबई. ठाणे, पनवेल, उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी या योजनेसाठी ठरल्या. भाव कवडीमोल, म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघर भागात गोळ्या झाडल्या गेल्या, पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. गधेगळाच्या शापाने जे साधायचे, ते विसाव्या शतकात माणसांना रक्त सांडून मिळवावे लागले.

१९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि उरणला रेल्वेही पोचली. प्रगतीला कोणाचा विरोध असणार? ज्या खाडीतून होडीने जावे लागे, ती आता गाडीच्या काचेतून दिसते, हे सुखाचेच आहे. धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. शेताला नाव असते, भूखंडाला नंबर असतो. शेत गेले की त्याचे नाव उच्चारण्याचे कारणच उरत नाही, आणि ऐंशी वर्षांची आजी गेली की ते नाव ठाऊक असलेले शेवटचे माणूसही जाते. कोकणात कित्येक गधेगळ शेंदूर लावून देव म्हणून पूजले गेले, म्हणूनच वाचले. ज्यांना शेंदूर लागला नाही, त्यांतले किती भरावाखाली गेले असतील?

वाचकहो, पुढच्या रविवारी उरणच्या बाजूला गेलात तर समुद्र जरूर पाहा. पण वाटेत चाणज्याच्या पाटीपाशी क्षणभर थांबा आणि बरोबरच्या मुलांना ते नाव मोठ्याने वाचायला सांगा. जमले तर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या शेतांची नावे विचारा आणि लिहून घ्या. सोमेश्वर बुडाला, द्रम्म वितळले, उत्तरेश्वराचे उत्पन्न कधीच थांबले. टिकले ते एका गावाचे नाव. ते कोणा राजाने नव्हे, तर तिथे राहणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हाका मारमारून टिकवले आहे.