दोहाचे सुवर्णपदक आणि त्यानंतर

रिदमिक जिम्नॅस्टिक्स म्हणजे संगीताच्या तालावर दोरी, कडे, चेंडू, मुद्गल किंवा फीत लीलया खेळविण्याची क्रीडा. तेरा मीटर लांबी-रुंदीच्या पटावर, अवघ्या दीड मिनिटात, अनेक वर्षांच्या साधनेची परीक्षा होते. सहा मीटर लांबीच्या फितीला एक गाठ पडली, तरी गुण वजा होतात.

डिसेंबर २००६ मध्ये कतारची राजधानी दोहा येथे पंधरावे आशियाई क्रीडासामने भरले. तेथे या क्रीडेतील वैयक्तिक सुवर्णपदक कझाकस्तानच्या अलिया युसुपोवा यांनी जिंकले. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. या क्रीडेत त्याच वयात निवृत्तीची चाहूल लागते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर त्यांनी स्पर्धांचा निरोप घेतला, परंतु पट सोडला नाही. पुढे त्या राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षिका झाल्या. २०१८ मध्ये अलिना आदिलोवा यांनी तेच पदक पुनश्च कझाकस्तानला मिळवून दिले.

आपल्या महाराष्ट्रातही हीच परंपरा रुजत आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल सामन्यांत खेळलेल्या पूजा सुर्वे यांनी पुढे ठाण्यात मुली घडविल्या. त्यांच्या शिष्या संयुक्ता काळे यांनी २०२२ मध्ये पंचकुला येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेत पाच सुवर्णपदके मिळविली.

वाचकहो, पदक पेटीत राहते. विद्या मात्र शिष्येच्या देहातच जगते. उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आपल्या पूर्वजांनी झाकरीचा ताल असाच, पोथीवाचून, मुलांच्या पायांत घातला. आज आपल्या घरी तो कोण शिकवीत आहे?