शिडांची शाळा : 'तरंगिणी'

एझिमलाच्या नौदल अकादमीतून बाहेर पडलेले तरुण कोचीला प्रशिक्षण ताफ्यात दाखल होतात. पुढे त्यांना रडार आणि गॅस टर्बाइनच्या युद्धनौकांवर काम करायचं असतं. पण या ताफ्यात त्यांची गाठ पडते 'आयएनएस तरंगिणी'शी. तीन डोलकाठ्या, वीस शिडं आणि ५४ मीटर लांबी असलेलं हे जहाज ब्रिटिश नौकारचनाकार कॉलिन मुडी यांनी रेखलं आणि गोवा शिपयार्डने बांधलं. ११ नोव्हेंबर १९९७ रोजी ते नौदलात आलं. २००३-०४ मध्ये त्याने पृथ्वीप्रदक्षिणाही पूर्ण केली.

शिडाच्या जहाजावरचा दिवस पाळ्यांवर चालतो. एरवी पाळी चार तासांची, पण दुपारी चार ते रात्री आठ या वेळेत दोन-दोन तासांच्या दोन पाळ्या लावायची जुनी रीत आहे. त्यामुळे पाळ्यांची संख्या विषम होते आणि मध्यरात्रीचा जागता पहारा रोज त्याच तुकडीच्या वाट्याला येत नाही. कोणी सुकाणू धरतं, कोणी टेहळणी करतं, बाकीचे दोरांपाशी सज्ज असतात. डेक धुणं, पितळ घासणं, फाटलं शीड शिवणं ही कामं रोजचीच. गोडं पाणी जपून वापरायचं. पहिले काही दिवस समुद्र लागतो, पोटात अन्न ठरत नाही. तरी पाळी चुकत नाही.

खरी परीक्षा दोरांची. शिडाचा प्रत्येक दोर कठड्यालगतच्या ठरलेल्या खुंटीला बांधलेला असतो. कोणता दोर कोणत्या शिडाचा, हे तोंडपाठ असून भागत नाही. रात्री अचानक वारा वाढला की विजेरी शोधत बसायला वेळ नसतो. अंधारात हात बरोबर खुंटीवर पडावा लागतो. चुकीचा दोर सुटला तर ताणलेलं शीड फाटतं किंवा कोणाचा तरी हात जातो.

मग डोलकाठी चढणं. कमरेला सुरक्षापट्टा असतो, पण नियम त्याहून जुने आहेत. वारा ज्या बाजूने येतो त्याच बाजूने चढायचं, म्हणजे वारा माणसाला दोरखंडांच्या शिडीवर दाबून धरतो. वर पोहोचल्यावर परबाणाखाली, म्हणजे शीड बांधायच्या आडव्या काठीखाली, लोंबणाऱ्या दोरावर पाय ठेवून आडवं सरकायचं. नवा माणूस त्या दोरावर उतरला की आधीच्यांच्या पायाखालचा दोर एकदम ताणला जातो; म्हणून पाय टाकण्याआधी मोठ्याने हाक द्यायची. खाली डेक इवलासा दिसत असताना शेजाऱ्याला सावध करायची ही सवय अंगी मुरते, आणि माझ्या मते या शाळेतला सर्वांत मोलाचा धडा हाच.

दिशेचं शिक्षणही असंच हाताने होतं. सेक्स्टंट घेऊन दुपारी सूर्याची कमाल उंची मोजली की अक्षांश काढता येतो. तारे मोजायचे ते संधिप्रकाशात, कारण तारे आणि क्षितिजाची रेघ दोन्ही एकाच वेळी दिसतात ती तेवढीच घटका. उपग्रहाचा संदेश बंद पडला तरी जहाज कुठे आहे हे सांगता येणारा अधिकारी असा घडतो.

इतका खटाटोप कशाला, असं विचारणारे भेटतात. इंजिन 'तरंगिणी'वरही आहे. पण बटण दाबून पुढे जाणाऱ्याला वारा, लाट आणि प्रवाह यांचा आपल्या जहाजाशी काय संबंध हे कळायला फार वेळ लागतो. शिडावर ते पहिल्या पाळीतच कळतं. नौदलालाही हे पटलं आहे, म्हणूनच २०१२ मध्ये 'तरंगिणी'ची बहीण 'सुदर्शिनी' सेवेत आली, तीही गोव्यातच बांधलेली. बारावीनंतर नौदलाचं स्वप्न पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींना गणित-भौतिकशास्त्राच्या गुणांबरोबर हेही सांगायला हवं : समुद्रावर शेजाऱ्याचा जीव आपल्या हातात असतो, आणि तो सांभाळायची सवय आतापासूनच लावून घ्यायला हवी.