विश्लेषण : विश्रांतीनेही न जाणारा थकवा; जगभरचे डॉक्टर एकमेकांकडून काय शिकले?

रक्ताच्या चाचण्या नॉर्मल, छातीचा एक्स-रे नॉर्मल. पण घरातली किरकोळ कामे केली तरी रुग्णाला पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही. 'मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस' किंवा 'क्रॉनिक फटिग सिंड्रोम' (एमई/सीएफएस) या आजाराचे निदान करणारी खात्रीची प्रयोगशाळा चाचणी अद्याप नाही. त्यामुळे एका देशातील डॉक्टरांचा अनुभव दुसऱ्या देशातील दवाखान्यापर्यंत पोहोचणे येथे फार मोलाचे ठरते. ही देवाणघेवाण कशी झाली आणि तिने काय बदलले?

हा आजार नेमका काय?

अनेकदा विषाणूसंसर्गानंतर हा आजार सुरू होतो. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणारा थकवा, झोपूनही ताजेतवाने न वाटणे, स्मरण व एकाग्रतेत अडचण, उभे राहिल्यावर चक्कर ही त्याची लक्षणे. मुख्य खूण मात्र वेगळी आहे. थोड्याशा शारीरिक वा बौद्धिक श्रमानंतर सगळीच लक्षणे बळावतात, तीही बऱ्याचदा १२ ते ४८ तासांनी. श्रम सोमवारी आणि त्रास बुधवारी, यामुळे रुग्ण आणि डॉक्टर दोघांच्याही लक्षात हा संबंध चटकन येत नाही. अमेरिकेच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'च्या २०१५च्या अहवालानुसार त्या देशात ८.३६ ते २५ लाख लोकांना हा आजार असावा आणि त्यातील बहुतेकांचे निदानच झालेले नाही.

व्याख्येवर इतका खल का?

लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये १९५५ साली जवळपास तीनशे जण, त्यातही मुख्यतः कर्मचारी, गूढ आजाराने पडले आणि रुग्णालय काही काळ बंद ठेवावे लागले. त्यानंतर 'मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस' हे नाव रूढ होऊ लागले. अमेरिकेत १९८८ मध्ये 'क्रॉनिक फटिग सिंड्रोम' हे नाव पुढे आले. १९९४च्या आंतरराष्ट्रीय निकषांत श्रमानंतर त्रास बळावणे हे लक्षण होते, पण ते अनिवार्य नव्हते. परिणामी अन्य कारणांनी थकलेले रुग्णही अभ्यासांत आले आणि एका देशाचे निष्कर्ष दुसऱ्या देशाशी जुळेनात. कॅनडात तयार झालेल्या २००३च्या निकषांनी हे लक्षण अनिवार्य केले. २०११ मध्ये १३ देशांतील तज्ज्ञांनी तोच धागा पुढे नेला. एकमेकांचे रुग्ण खरोखर सारखे आहेत की नाहीत, हे तपासण्याचा पाया त्यामुळे घातला गेला.

व्यायामाचा सल्ला मागे का घेतला?

ब्रिटनमधील ६४१ रुग्णांवरील 'पेस' चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले. टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा आणि समुपदेशनाचा उपयोग होतो, असे त्यात म्हटले होते. हा सल्ला अन्य देशांतही पोहोचला. मात्र व्यायामाने आपली प्रकृती बिघडली, अशा तक्रारी रुग्ण करत राहिले. चाचणीच्या मूल्यमापनाचे निकष मध्येच बदलल्यावरही टीका झाली. अखेर ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये ठरावीक मात्रेने व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस मागे घेतली. काही वैद्यकीय संस्थांचा त्याला विरोध होता. सदोष सल्लाही सीमा ओलांडून तितक्याच वेगाने पसरतो, हा यातला धडा.

अपयशाची माहितीही महत्त्वाची का?

२००९ मध्ये 'एक्सएमआरव्ही' हा विषाणू या आजाराशी जोडणारा शोधनिबंध 'सायन्स'मध्ये आला. इतर प्रयोगशाळांना तसे काही आढळले नाही. नमुने दूषित झाल्याचे उघड झाले आणि २०११ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. नॉर्वेतील कर्करोगतज्ज्ञांनी 'रिटक्सिमॅब' या औषधाची ३० रुग्णांवर चाचणी घेतली, तेव्हा आशा वाढली. त्यांनीच पुढे १५१ रुग्णांची मोठी चाचणी केली आणि औषध निष्प्रभ असल्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यामुळे महागड्या, जोखमीच्या उपचारामागे रुग्णांनी धावण्याचे टळले.

आज डॉक्टर एकमेकांना काय सांगतात?

युरोपातील 'युरोमीन' या तज्ज्ञजाळ्याने आणि अमेरिकेतील अनुभवी डॉक्टरांच्या गटाने २०२१ मध्ये निदान व उपचारांबाबत मार्गदर्शन प्रसिद्ध केले. आजार मुळापासून बरा करणारे औषध नाही. झोप, वेदना आणि चक्कर यांवर उपचार करता येतात. मुख्य भर 'पेसिंग'वर आहे. म्हणजे अंगातील शक्तीचे अंथरूण पाहूनच पाय पसरायचे, बरे वाटले म्हणून एका दिवसात सगळी कामे उरकायची नाहीत. उभे राहिल्यावर होणारा त्रास तपासण्याची सोपी पद्धतही दिली जाते. आधी आडवे असताना आणि नंतर भिंतीला टेकून दहा मिनिटे उभे असताना नाडी व रक्तदाब मोजायचा. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यातही हे करता येते.

आपल्याकडे याचा उपयोग काय?

गोव्यातील २,४९४ महिलांच्या पाहणीत १२.१ टक्के जणींनी सहा महिन्यांहून जुना थकवा सांगितला. २००५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने ती प्रसिद्ध केली. या थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही. मानसिक ताण, आर्थिक ओढाताण आणि पतीकडून होणारा छळ यांच्याशी मात्र आढळला. अर्थात ही पाहणी थकव्याची होती, एमई/सीएफएसची नव्हे. म्हणूनच रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग, नैराश्य ही कारणे आधी तपासावी लागतात. करोनानंतर अनेकांमध्ये अशीच लक्षणे दिसल्याने हा फरक ओळखणे अधिक गरजेचे झाले आहे. 'थोडे चालत जा, बरे वाटेल' हा सल्ला एका रुग्णाला उपयोगी पडेल, तर दुसऱ्याला अंथरुणाला खिळवेल. तो देण्यापूर्वी डॉक्टरांनी एक प्रश्न हमखास विचारायला हवा : श्रम केल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होते?