आमेन ब्रेक
अमेरिकेतल्या ‘द विन्स्टन्स’ या सोल बँडने 1969 साली ‘कलर हिम फादर’ ही रेकॉर्ड काढली. तिच्या मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ ही वाद्यधून होती. तिच्या मध्यावर बाकीची वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा ड्रम वाजवतो. हाच ‘आमेन ब्रेक’: फक्त चार आवर्तने, जेमतेम सहा-सात सेकंद. पहिल्या दोन आवर्तनांत ठेका सरळ चालतो. तिसऱ्यात स्नेअर ड्रमचा एक आघात किंचित उशिरा पडतो. चौथ्यात पहिली मात्राच रिकामी सुटते आणि झांज अपेक्षेआधी वाजते. या हुलकावणीतच या ब्रेकची सगळी जादू आहे, असे मला वाटते.

1980च्या दशकात सॅम्पलर आले. ध्वनिमुद्रणातला तुकडा उचलून पुन्हा पुन्हा वाजवता येऊ लागला आणि हिप-हॉपवाल्यांनी कोलमनचा हा तुकडा उचलला. पुढे ब्रिटनमध्ये त्याचे बारीक तुकडे करून, वेग वाढवून ‘जंगल’ आणि ‘ड्रम अँड बेस’ हे संगीतप्रकार उभे राहिले. हजारो गाण्यांत तो वाजला आहे. कोलमनला मात्र त्यातून एक पैसाही मिळाला नाही. 2006 साली तो अटलांटात बेघर अवस्थेत वारला. मूळ धून एकदा जरूर ऐका, आणि ऐकताना त्याचे नाव आठवा.