माणदेशच्या माळावरील सफारी : लांडगा टिकेल, तर मेंढपाळामुळेच!

वन्यजीव पाहायचे तर घनदाट अरण्यातच जायला हवे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. ताडोबा, मेळघाट, नागझिरा ही नावे पर्यटकांच्या परिचयाची आहेत. मात्र, दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणदेशाकडे या दृष्टीने फारसे कोणी पाहत नाही. साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील आटपाडी परिसराच्या उघड्या माळांवर लांडगा, कोल्हा आणि खोकड यांचे वास्तव्य आजही आहे.

वाळवंटातील आलिशान मुक्काम

रुक्ष प्रदेशातील वन्यजीव पाहण्यासाठी जगभरातील पर्यटक मोठी किंमत मोजतात. दुबईजवळच्या वाळवंटात १९९९ मध्ये सुरू झालेले ‘अल महा’ रिसॉर्ट हे त्याचे ठळक उदाहरण. तंबूच्या घाटाची स्वतंत्र निवासस्थाने, प्रत्येकाला खासगी जलतरण तलाव आणि समोरच्या वाळूत चरणारे अरबी ओरिक्स हे तेथील आकर्षण आहे. हा प्राणी १९७२ मध्ये निसर्गातून नामशेष झाला होता. पुढे बंदिस्त प्रजननातून तो वाचविण्यात आला. रिसॉर्टभोवतीचे सुमारे २२५ चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र कुंपणाने वेढलेले आहे.

पर्जन्यछायेचा प्रदेश

माणदेश हे वाळवंट नव्हे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा हा गवताळ प्रदेश आहे. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. पातळ मुरमाड मातीत मोठे वृक्ष तग धरत नाहीत; कुसळीसारखी गवते, बोर, बाभूळ आणि हिवर मात्र वाढतात. ससे, उंदीर, सरडे आणि नाकतोडे हे येथील अन्नसाखळीचा पाया आहेत.

केव्हा जावे, काय पाहावे?

पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सोयीचा. लांडगा व खोकड सकाळी लवकर आणि सायंकाळी अधिक फिरतात. त्यामुळे सूर्योदयापूर्वी माळावर पोहोचणे श्रेयस्कर. धाविक, चंडोल, पखुर्डी, माळटिटवी हे पक्षी गवतात सहज मिसळून जातात. त्यासाठी दुर्बीण हवीच. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षीही गवतावरून घिरट्या घालताना दिसतात. जवळच्या मायणी परिसरातील तलावांवर पट्टकादंब व रोहित पाहता येतात. या पक्षी क्षेत्राला २०२१ मध्ये, तर आटपाडी येथील सुमारे साडेनऊ चौरस किलोमीटर वनक्षेत्राला २०२३ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. आलिशान तंबूंची अपेक्षा न ठेवता दहिवडी, म्हसवड किंवा आटपाडी येथे साधा मुक्काम करून हा परिसर पाहता येतो. साताऱ्याहून दहिवडी सुमारे ६५ किलोमीटरवर आहे.

कुंपण घालून चालणार नाही

दुबईचे प्रारूप माणदेशात जसेच्या तसे आणता येणार नाही. येथील लांडगा माणसांच्या वस्तीलगत, धनगरांच्या कळपांच्या मागावर जगतो. रानातील भक्ष्य अपुरे पडले, की तो वाघरीत बसलेल्या मेंढीवर झडप घालतो. वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे आणि मेंढी मारली गेल्यास वन विभागाकडून भरपाईही मिळते. परंतु त्यासाठी पंचनामा आवश्यक असतो. आज या गावात, तर उद्या दुसऱ्या गावात वाडा टाकणाऱ्या मेंढपाळाला ती धावपळ परवडत नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’तून या मेंढपाळांचे जीवन मराठी वाचकांसमोर आणले; त्यांचे कळप आणि लांडगा यांचा संबंध त्याहूनही जुना आहे.

दुसरा प्रश्न जमिनीचा. सरकारी भाषेत माळ म्हणजे ‘पडीक’ जमीन. त्यामुळे तेथे कधी वृक्षलागवडीचे खड्डे खोदले जातात, तर कधी पवनचक्क्या उभ्या राहतात. उपसा सिंचन योजनांचे पाणी आल्यावर गवताच्या जागी ऊस, डाळिंब येणेही स्वाभाविक आहे. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसलेल्या शेतकऱ्याला पाणी नाकारावे, असे कोणीही म्हणणार नाही. मात्र, कोणते माळ राखायचे हे वेळीच ठरविले नाही, तर कळपाचे चराऊ रान आणि लांडग्याचा अधिवास ही दोन्ही एकाच वेळी संपतील.

शेजारचा धडा

पुणे वन विभागाने २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. ठरावीक मार्ग, आगाऊ नोंदणी आणि स्थानिक वाटाड्या अशी तिची रचना आहे. माणदेशातही हे शक्य आहे. वाटाड्याचे काम मेंढपाळ कुटुंबातील तरुणाला मिळाले आणि प्रवेशशुल्काचा काही भाग तातडीच्या भरपाईसाठी राखून ठेवला, तर लांडगा हा केवळ शत्रू राहणार नाही.

तोपर्यंत पर्यटकांनी काही पथ्ये पाळावीत. गाडी गवतात घालू नये, लांडग्याचा पाठलाग करू नये, पिलांच्या बिळाजवळ जाऊ नये आणि बिळांची ठिकाणे जाहीर करू नयेत. वाड्यावर थांबून मेंढपाळाशी दोन शब्द बोलावेत. लांडगा काल कोणत्या ओढ्याने गेला, हे त्याच्याइतके नेमके दुसरे कोणीही सांगू शकत नाही.