हृदयाच्या मदतीला पोटातली गाळणी

तीव्र हार्ट फेल्युअरमध्ये हृदयाचा जोर ओसरतो, मूत्रपिंडांना रक्त कमी पोचते आणि शरीरात मीठ-पाणी साठत जाते. पाय सुजतात, आडवे झाले की धाप लागते. लघवी वाढवणारी औषधे पुरेनाशी झाली, की निवडक रुग्णांसाठी पेरिटोनिअल डायलिसिसचा विचार होतो. या उपयोगाची नोंद १९४९ पासून आढळते.

पोटातील अवयवांभोवतीचे पातळ उदरावरण इथे गाळणीचे काम करते. पोटात बसवलेल्या मऊ नळीतून साधारण दीड-दोन लिटर द्रावण आत सोडतात. त्यातले ग्लुकोज किंवा आयकोडेक्स्ट्रिन रक्तातले जादा पाणी ओढून घेते; त्यासोबत सोडियमही निघते. काही तासांनी द्रावण बाहेर काढतात. काहींना रात्रभर ठेवलेली आयकोडेक्स्ट्रिनची एकच पिशवी पुरते.

पाणी सावकाश निघत असल्याने रक्तदाब एकदम घसरण्याची भीती कमी असते. उपचार घरीच करता येतो. रोजच्या वजनावरून निघालेल्या पाण्याचा हिशेब ठेवतात. मुख्य धोका उदरावरणाच्या संसर्गाचा. पोट दुखणे आणि बाहेर आलेले द्रावण गढूळ दिसणे ही त्याची लक्षणे. रुग्णालयातले दिवस कमी होतात, असे छोट्या अभ्यासांत दिसले आहे. आयुष्य वाढते, हे मात्र मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही.