हा दिवा खरंच पेशवाईतला?

बारामतीत किंवा इंदापुरात जुना वाडा उतरवायला घेतला की माळ्यावरचे पितळी दिवे खाली येतात, आणि संध्याकाळपर्यंत ते पेशवाईतले ठरतात. कऱ्हेकाठी पेशवेकाळातल्या बाबूजी नाईकांचा वाडा असल्यामुळे बारामतीत तर कुणी शंकाही घेत नाही.

शंका घ्यावी. दिवा काय जाळत होता, ते आधी पाहावं. पेशवाई 1818 मध्ये संपली आणि रॉकेलचे दिवे जगात आले ते 1850 च्या दशकात. तेव्हा चपटी वात वरखाली करायची चावी आणि वर काचेची चिमणी असलेला रॉकेलचा टांगता दिवा पेशव्यांनी पाहिलेला असणं शक्य नाही. बुडाशी ‘मेड इन जर्मनी’ असेल तर आणखी पुढे या. परदेशी मालावर देशाचं नाव घालण्याची रीत ब्रिटनच्या 1887 च्या कायद्यानंतर रुळली. बारामतीकर मोरोपंत वारले 1794 मध्ये. त्यांच्या आर्या लिहिल्या गेल्या त्या तेलवातीच्या उजेडात.

समई आणि लामणदिव्याला मात्र ही कसोटी लागू पडत नाही, कारण त्यांची घडण फारशी बदललीच नाही. तिथे लोक काळेपणावर जातात, आणि फसतात. तेल-काजळीनं पितळ काही वर्षांत काळवंडतं. रसायनानं तर एका रात्रीत. झीज कुठे आहे ते पाहा. रोज हात लागणाऱ्या दांड्यावर, साखळीच्या कड्यांत, पेचाच्या आट्यांत ती असायला हवी. सगळीकडे सारखी असेल तर संशय घ्यावा.

चुंबक चिकटलं नाही की अस्सल पितळ, हेही अर्धंच खरं. आत लोखंड नाही, एवढंच त्यातून कळतं. जस्त आणि अ‍ॅल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. जुन्या पितळात सोनं असतं म्हणणाऱ्यांना काय सांगावं! पितळ म्हणजे तांबं आणि जस्त.

चिंच-लिंबानं घासलं की दिवा उजळतो, हे खरं. पण आंबट लावून तसाच ठेवला तर पृष्ठभागावरचं जस्त निघून तांबूस डाग पडतात, आणि ते घासून जात नाहीत. कोरीव कामही दर घासणीला थोडं बोथट होतं.

‘घरचाच दिवा, मुलीकडे अमेरिकेत पाठवू,’ असं ठरवण्याआधी थांबा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. घरात ठेवायला, रोज लावायला कुणाची हरकत नाही.